थांबवलेल्या हृदयाची राखण

ओपन हार्ट शस्त्रक्रियेत महारोहिणीला क्लॅम्प लागला, की खुद्द हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. हार्ट-लंग मशीन बाकी सगळ्या शरीराला रक्त पुरवते, हृदय तेवढे उपाशी राहते. म्हणून पोटॅशियमचे द्रावण देऊन हृदय थांबवले जाते. या द्रावणाला कार्डिओप्लेजिया म्हणतात. थांबलेल्या हृदयाला धडधडणाऱ्या हृदयाच्या सुमारे एक दशांश प्राणवायू पुरतो. ते थंड केले, तर आणखी कमी.

कमी पुरतो, पण लागतोच. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकला, तरी निखारा जळतच असतो. तसाच थांबलेला स्नायूही आपली शिल्लक जाळत असतो. त्यामुळे बरीचशी द्रावणे दर २०-३० मिनिटांनी पुन्हा द्यावी लागतात. स्नायू जाड झाला असेल, तर आतल्या थरापर्यंत द्रावण पोचणे कठीण जाते, आणि पहिली इजा तिथेच होते. द्रावणही बेताचे हवे. १९५५ मध्ये डॉ. मेलरोझ यांनी लंडनमध्ये पोटॅशियम सायट्रेट वापरण्याची पद्धत मांडली. ते इतके तीव्र होते, की त्यानेच स्नायूला इजा झाली आणि पद्धत मागे पडली. सौम्य द्रावणे सत्तरच्या दशकात रुळली.

क्लॅम्प काढला म्हणजे संकट टळले, हा समज सोडायला हवा. राख एकदम सारून जोराची फुंकर मारली, तर ठिणग्या उडतात. उपाशी पेशींत रक्त परतते, तेव्हा कॅल्शियम आत घुसते, मुक्त मूलके तयार होतात आणि वाचलेला स्नायूही दुखावतो. म्हणून सुरुवातीला रक्ताचा दाब बेताचा ठेवतात. हृदयात उरलेली हवाही कसोशीने काढावी लागते. रुग्ण उताणा असल्याने ती उजव्या हृद्रोहिणीत सहज शिरते.

पुन्हा तेच सांगायचे, तर रक्त तोडणे जितके जोखमीचे, तितकेच ते परत सोडणे.

झालेली सगळी इजा कायमची नसते. मलूल झालेला स्नायू औषधांच्या, प्रसंगी बलून पंपाच्या आधाराने काही तासांत वा दिवसांत सावरतो. मेलेला सावरत नाही. रक्तातले ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारे प्रथिन, शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ प्रत्येकाचे वाढते, तेव्हा नुसत्या आकड्याने नातेवाइकांनी धीर सोडू नये. बायपासनंतर ४८ तासांत ते सामान्य मर्यादेच्या दहापटींहून वर गेले आणि ईसीजी, इको किंवा अँजिओग्राफीतही पुरावा दिसला, तर हृदयविकाराचा झटका मानतात. त्यामागे नव्याने जोडलेली रक्तवाहिनी बंद पडणे हे कारण असेल, तर ती तातडीने मोकळी करावी लागते.