विमा कंपनीने शब्द फिरवला तर

(मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय रुक्ष आहे, पण आपल्यापैकी अनेकांनी इथे घर घेतलंय आणि डोक्यावर तीस वर्षांचं कर्ज आहे. म्हणून अर्धा तास सहन करा.

जुलै २०२१ आठवा. १३ आणि १४ तारखेला दक्षिण लिम्बर्गमध्ये काही ठिकाणी दोन दिवसांत दीडशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि ग्यूल नदी वाल्केनबर्गच्या घरांत शिरली. आठच दिवसांनी, २२ जुलैला, वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं. दोन्हीकडे चिखल सारखाच. लिम्बर्गमध्ये मात्र चिखल उपसताना एक प्रश्न उभा राहिला: पाणी कुठल्या नदीचं?

याला इतिहास आहे. १९५३ च्या महापुरात या देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर विमा कंपन्यांनी पूर हा धोका कित्येक दशकं विम्याबाहेर ठेवला. २०१८ मध्ये त्यांच्या संघटनेने सदस्यांना सुचवलं की छोट्या, प्रादेशिक नद्यांचा पूर विम्यात घ्यावा. समुद्र आणि मोठ्या नद्यांचे मुख्य बांध फुटले तर ते नुकसान बाहेरच. सरकारचा १९९८ चा आपत्ती-मदत कायदा आहे, पण ज्या नुकसानीचा विमा मिळणंच शक्य नव्हतं त्यापुरता. म्हणजे घरात तेच गुडघाभर पाणी, पण पैसे कोण देणार हे पॉलिसीतल्या एका ओळीवर ठरतं. ती ओळ वाचता येणं हाही एक हक्कच आहे.

माझ्या घराचं प्रकरण याहून किरकोळ. वादळी पावसात छत गळलं. कंपनीने लेखी कळवलं की नुकसान विम्यात बसतं. पुढे दुसरा तज्ज्ञ आला, त्याने ‘ही जुनी, हळूहळू झालेली गळती’ असा शेरा मारला आणि कंपनीचं पत्र आलं: आम्ही फेरविचार करत आहोत. चार महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी आतल्या भिंती-छताचे पैसे मिळाले, छताच्या दुरुस्तीचे नाही. पॉलिसीत तसंच लिहिलं होतं, त्यामुळे तक्रार नाही. या काळात जे शिकलो ते सांगतो.

पहिलं, फोनवर वाद घालू नका. कुठल्या कलमाखाली नकार, ते कलम लिहून मागा. नुकसानीच्या तारखेला लागू असलेल्या अटीच धरायच्या. घटना विम्यात बसते हे आपण दाखवायचं. अपवादाचं कलम लागू होतं हे दाखवणं कंपनीचं काम. आणि कलम संदिग्ध असेल तर ग्राहकाला अनुकूल अर्थ घ्यायचा, असं डच नागरी संहितेच्या सहाव्या ग्रंथाचं कलम २३८ सांगतं.

दुसरं, आपला स्वतंत्र तज्ज्ञ नेमता येतो. इथे त्याला ‘कॉन्ट्रा-एक्स्पर्टीज’ म्हणतात. नुकसान ठरवण्याचा वाजवी खर्च कंपनीवर पडतो (सातवा ग्रंथ, कलम ९५९). ‘वाजवी’ या शब्दावर नंतर वाद नको, म्हणून दर आधी कळवा. तज्ज्ञ येईपर्यंत फोटो काढा आणि सडलेलं लाकूड फेकू नका.

तिसरं, आधीचं होकाराचं पत्र जपून ठेवा. कंपनीला चूक सुधारता येत नाही असं नाही. पण त्या पत्रावर रास्त विश्वास ठेवून तुम्ही ठेकेदाराला काम दिलं असेल, तर त्या विश्वासाला कायद्यात वजन आहे. ‘पत्र या तारखेचं, काम त्या तारखेचं’ असा तक्ता करा. आमच्या प्रकरणात त्याचाच उपयोग झाला.

चौथं, मुदत. दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. लेखी मागणीने मुदत थांबते, पण कंपनीने स्पष्ट नकार दिला की नवी तीन वर्षं सुरू होतात.

एवढ्यावर भागलं नाही तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा, मग हेगमधल्या ‘किफिड’कडे. ही तक्रार संस्था २००७ पासून आहे. ग्राहकाला फी नाही, वकिलाची सक्ती नाही. निवाडा बंधनकारक मानायचा की नाही हे सुरुवातीला ठरतं, तेव्हा विचार करूनच सही करा. कोर्टातच जायचं असेल तर २५ हजार युरोपर्यंतचे दावे ‘कांटोनरेख्तर’पुढे वकिलाशिवाय चालवता येतात.

आता मला खरं म्हणायचंय ते. आपण शिकलेली माणसं, तरी ‘परक्या देशात कशाला भांडायचं’ म्हणून पहिला नकार मुकाट्याने गिळतो. पुण्यात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आधी माणसं एकत्र आली, कायदा मागून आला. इथे कायदा तयार आहे, माणसंच एकेकटी आहेत. आपल्याला निदान गुगलवर भाषांतर करून कंपनीला इंग्रजीत उत्तर लिहिता येतं. रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात बारा तास राबणाऱ्याने ते डच पत्र कुणाला दाखवायचं?

माझी सूचना साधी आहे. महिन्यातून एका शनिवारी दोन तास, ज्यांना डच येतं त्यांनी बसायचं आणि कुणाचंही पत्र वाचून द्यायचं, मग तो मराठी असो वा नसो. सल्ला द्यायचा नाही, फक्त पत्रात काय लिहिलंय आणि मुदत कधी संपते एवढं सांगायचं. पुढची वाट ‘युरिडिश लोकेट’ दाखवेल, तिथला प्राथमिक सल्ला मोफत असतो. नावं आजच द्या, पहिला शनिवार आपण आत्ताच ठरवू.