महासागर आणि चार तासांचा पहारा

(समुद्रकिनाऱ्यापासून दूर असलेल्या एका महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)

शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडणाऱ्यांविषयी मी बोलावे, असे आपल्या प्राचार्यांनी सुचविले, तेव्हा मला आनंद झाला आणि थोडे आश्चर्यही वाटले. आपल्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्यापैकी अनेकांनी तो अद्याप पाहिलेलाही नसेल. समुद्र म्हणजे किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा, नाही तर पैसेवाल्या हौशी मंडळींचा विषय, अशी समजूत देशाच्या अंतर्भागात सर्वत्र आढळते. आज मला याच समजुतीविषयी बोलायचे आहे. दर्यावर्दी जन्माला येत नाहीत, ते घडवावे लागतात. आणि ते कोठूनही घडविता येतात, एवढेच माझे म्हणणे आहे. ते पटवून देण्यासाठी आपल्या देशातील काही अलीकडची उदाहरणे मी आपल्यासमोर ठेवणार आहे.

सहा जणी, एक नौका

१० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्यातील आयएनएस मांडवी या नौदल तळावरून 'तारिणी' ही शिडाची नौका जगप्रदक्षिणेस निघाली. तिची लांबी सुमारे १७ मीटर, म्हणजे साधारण दीड बसगाडीएवढी. तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या आणि सातवे कोणीही नव्हते. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केपटाऊन या बंदरांत थांबत, शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरातही दुरुस्तीसाठी मुक्काम करून, २१ मे २०१८ रोजी त्या गोव्यास परतल्या. एकूण २५४ दिवसांपैकी १९९ दिवस त्या प्रत्यक्ष समुद्रावर होत्या. केवळ महिलांनी केलेली ही पहिली भारतीय सागरपरिक्रमा होय.

या सहा जणी कोठल्या होत्या, हे पाहण्यासारखे आहे. नौकेचे नेतृत्व करणाऱ्या लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी उत्तराखंडच्या, प्रतिभा जामवाल हिमाचल प्रदेशातील कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या आणि ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. समुद्राच्या सान्निध्यात वाढलेल्या अशा एकट्या पी. स्वाती, त्या विशाखापट्टणमच्या. सहापैकी पाच जणींचे बालपण पर्वतात, खोऱ्यात किंवा पठारावर गेलेले होते. त्यांना समुद्र वारशाने मिळाला नव्हता. तो त्यांनी शिकून घेतला होता.

ते शिक्षण थोडेथोडके नव्हते. कॅप्टन दिलीप दोंदे यांच्या मार्गदर्शनाखाली या सहा जणींनी परिक्रमेपूर्वी 'म्हादेई' आणि 'तारिणी' या नौकांवर हजारो सागरी मैलांचा सराव केला. मॉरिशसपर्यंतच्या आणि गोवा ते केपटाऊन अशा मोहिमा झाल्या. दोंदे हे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय. त्यांची नौका 'म्हादेई' गोव्यातील दिवाडी बेटावर बांधली गेली होती. 'तारिणी' ही तिचीच धाकटी बहीण. या सर्व उपक्रमामागची मूळ कल्पना होती व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. सेवानिवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील फलटणजवळच्या विंचुर्णी या गावी ते राहात होते. म्हणजे भारतीय सागरपरिक्रमेचे स्वप्नदेखील दुष्काळी माणदेशाच्या शेजारी बसून पाहिले गेले!

वारा आणि ऋतू यांचे गणित

जगप्रदक्षिणा म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. सर्वसाधारण नियम असे की, ज्या बंदरातून निघावे तेथेच परतावे, विषुववृत्त दोनदा ओलांडावे, सर्व रेखावृत्ते पार करावीत, कालव्यांचा आधार घेऊ नये आणि किमान २१,६०० सागरी मैल अंतर कापावे. या आकड्यामागे साधे गणित आहे. पृथ्वीचे वर्तुळ ३६० अंशांचे, प्रत्येक अंशाच्या ६० कला, आणि एका कलेएवढे पृष्ठभागावरील अंतर म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. ३६० गुणिले ६० केले की २१,६०० येतात. हे अंतर १९९ दिवसांत विभागले तर सरासरी वेग ताशी साडेआठ किलोमीटरच्या आसपास पडतो. आपल्यापैकी जे सायकलने महाविद्यालयात येतात, त्यांचा वेग याहून अधिक असतो! महासागर वेगाने जिंकला जात नाही. रात्रंदिवस न थांबण्याने तो पार होतो.

मार्गही मनाला येईल तसा आखता येत नाही. दक्षिण गोलार्धात ४० अंश अक्षांशाच्या खाली पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत प्रबळ वारे वाहतात. त्यांना अडविणारी भूमी तेथे जवळजवळ नाही. त्यामुळे लाटाही हजारो किलोमीटर वाढत येतात. हे वारे पाठीशी घेऊन पूर्वेकडे जायचे, ऑस्ट्रेलियाचे केप लीउविन, दक्षिण अमेरिकेचे केप हॉर्न आणि आफ्रिकेचे केप ऑफ गुड होप या तीन भूशिरांना वळसा घालायचा, असा हा मार्ग आहे. केप हॉर्न जवळजवळ ५६ अंश दक्षिणेस आहे. तेथे दक्षिणेकडील उन्हाळ्यातच, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत पोहोचणे इष्ट. म्हणून गोव्यातून पावसाळा सरताना निघावे लागते. 'तारिणी'ने १९ जानेवारी २०१८ रोजी केप हॉर्न ओलांडले. त्यापूर्वी प्रशांत महासागरात तिला ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या झोतांना तोंड द्यावे लागले. याउलट विषुववृत्तालगत वारा पार पडतो, शिडे लोंबकळतात आणि नौका जागच्या जागी डुलत राहते. अनुभवी खलाशांना विचारा. ते सांगतील की वादळापेक्षा ही निर्वात स्थिती मनाची अधिक परीक्षा घेते.

चार तासांचा पहारा

आता प्रत्यक्ष नौकेवर काय चालते ते पाहू. महासागरात नांगर टाकता येत नाही, कारण तळ काही हजार मीटर खाली असतो. रात्र झाली म्हणून नौका थांबत नाही. त्यामुळे दिवसाचे चोवीस तास कोणी ना कोणी जागे असावेच लागते. सहा जणांच्या नौकेवर सामान्यतः दोघांदोघांचे तीन गट करतात. चार तास पहारा आणि आठ तास विश्रांती. या विश्रांतीतच स्वयंपाक, फाटलेल्या शिडाची शिवण, इंजिन व बॅटऱ्यांची देखभाल, नोंदवहीतील नोंदी आणि झोप हे सारे बसवावे लागते. कोणी आजारी पडले, तर त्याचे तास इतरांत वाटले जातात.

पहारा बदलण्याचा क्षण मला या साऱ्या जीवनाचा गाभा वाटतो. मध्यरात्री उबदार अंथरुणातून उठून, ओले कपडे अंगावर चढवून नवा पहारेकरी वर येतो. प्रथम तो आपल्या कमरेचा सुरक्षादोर नौकेला अडकवितो. मग जाणारा त्याला सांगतो : दिशा अमुक, वारा अमुक बाजूने, गेल्या तासात थोडा वाढला आहे, शीड एकदा आवरले आहे, उजव्या हाताला दूर एका जहाजाचा दिवा दिसतो, त्यावर लक्ष ठेव. दोन-तीन मिनिटांचे हे बोलणे. परंतु त्यात काहीही लपवून चालत नाही. माझ्या हातून एखादी चूक झाली असेल, दोर नीट बांधला गेला नसेल, तर तेही सांगावे लागते. अपमानाच्या भीतीने ते गिळून टाकले, तर त्याची किंमत झोपलेल्या चौघांना मोजावी लागेल.

आणि सांगून झाल्यावर जाणाऱ्याने झोपले पाहिजे. हे वाटते तितके सोपे नाही. नव्या खलाशाला पहिल्या काही रात्री झोप लागत नाही. प्रत्येक आवाजाला तो दचकून उठतो. दुसऱ्याच्या हाती सुकाणू देऊन निर्धास्त झोपणे हेही एक कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते. वर जागणारा आपले काम चोख करील, हा विश्वास आणि मी जागा असताना खालचे लोक माझ्या भरवशावर झोपले आहेत, ही जाणीव, या दोन धाग्यांवर अशी नौका चालते.

तेथील शिस्तही निराळी असते. वारा वाढू लागला की शीड कमी करावे का, असा विचार मनात येताच ते कमी करावे. कारण विचार आला म्हणजे वेळ झालेली असते. कोणी पाण्यात पडलेच, तर एकाने दुसरे काहीही न करता केवळ त्याच्याकडे बोट रोखून पाहात राहायचे असते. कारण लाटांमध्ये माणसाचे डोके एकदा दृष्टीआड झाले की पुन्हा सापडणे कठीण. गोडे पाणी मोजून वापरायचे. हुद्दा कोणताही असो, भांडी घासण्याची वेळ प्रत्येकावर येते. निर्णय मात्र एकाचाच असतो. कोकणातील मचव्यावर तांडेलाचा शब्द अखेरचा, पण जाळे ओढायला सगळ्यांचेच हात लागतात; तीच ही रीत.

एकटा कोणीच नसतो

आपण म्हणाल, एकट्याने प्रदक्षिणा करणाऱ्यांचे काय? कमांडर अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात 'म्हादेई'वरून कोठेही न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा पूर्ण केली. पुढे २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत ते 'तुरिया' या नौकेवरून उतरले. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. ते पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर होते. ऑस्ट्रेलियाच्या शोध व बचाव केंद्राने सूत्रे हलविली, भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांची नौका शोधून काढली, आणि २४ सप्टेंबर रोजी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजाने त्यांना उचलून घेतले. त्याच शर्यतीतील आयर्लंडचे ग्रेगर मॅकगुकिन यांची स्वतःची डोलकाठी त्याच वादळात मोडली होती. तरीही तात्पुरते शीड उभारून ते टॉमी यांच्या दिशेने निघाले होते. आपण ज्याला एकट्याचा प्रवास म्हणतो, त्याच्याभोवतीही असा एक अदृश्य पहारा असतो. पुढे २०२२-२३ च्या शर्यतीत त्याच टॉमी यांनी दुसरा क्रमांक मिळविला.

लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. यांची वाटचालही हेच सांगते. एक कोळिकोडची, दुसरी पुदुच्चेरीची. त्यांनी २०२२-२३ मध्ये सहा जणांच्या चमूतून गोवा, केपटाऊन, रिओ द जानेरो आणि परत असा प्रवास केला. नंतर दोघींनीच छोट्या मोहिमा केल्या. मग २ ऑक्टोबर २०२४ रोजी 'तारिणी' घेऊन त्या दोघीच गोव्यातून निघाल्या आणि सुमारे २५,४०० सागरी मैल कापून २९ मे २०२५ रोजी परतल्या. सहा जणांत शिकलेला विश्वास दोघींना पुरला.

तलावापासून सुरुवात

मित्रहो, या कथा ऐकून टाळ्या वाजविणे पुरेसे नाही. आपल्या देशाला सुमारे ११ हजार किलोमीटरची किनारपट्टी आहे. जगाच्या व्यापारी जहाजांवर आपले खलाशी मोठ्या संख्येने काम करतात. मात्र शिडाच्या नौकेवर हाताने दोर ओढून समुद्र शिकण्याची संधी आपल्या बहुसंख्य तरुणांना आजही मिळत नाही. नौका महाग, प्रशिक्षणकेंद्रे मोजकी आणि पालकांच्या मनात भीती, ही त्याची कारणे आहेत. सागरपरिक्रमा करणारे आपले बहुतेक वीर सैन्यदलांतून आले, हा योगायोग नव्हे. नौका, वेळ आणि गुरू या तिन्ही गोष्टी तेथेच एकत्र मिळतात. १९८५ ते १९८७ या काळात 'तृष्णा' या नौकेतून पहिली भारतीय जगप्रदक्षिणा केली, तीही भूदलाच्या अभियंता दलाने. ११ सप्टेंबर २०२५ रोजी तर तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकाऱ्यांचा चमू 'त्रिवेणी' नौकेवरून मुंबईहून जगप्रदक्षिणेस रवाना झाला. नागरी क्षेत्रातही अशी सोय वाढली, तरच हा वारसा सर्वांचा होईल.

सुरुवात मात्र समुद्रावरच व्हावी, असे नाही. भोपाळच्या मोठ्या तलावावर आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर मुले शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. राष्ट्रीय छात्रसेनेची नौदल शाखा अंतर्भागातील शहरांतही आहे. आपल्या धरणाच्या जलाशयावरही वारा वाहतोच. प्रथम पोहायला शिका. मग चार गाठी शिका. डोळे मिटून, थंडीने बधिर झालेल्या बोटांनी त्या बांधता आल्या पाहिजेत. वाऱ्याकडे लक्ष द्यायला शिका. आणि या साऱ्यांबरोबर दिलेल्या वेळी उठायला, झालेली चूक प्रामाणिकपणे सांगायला आणि दुसऱ्यावर भरवसा टाकायला शिका. हे तीन गुण मिळविण्यासाठी समुद्राची वाट पाहावी लागत नाही. आपले वसतिगृह, आपला वर्ग, आपले घर तेवढ्यासाठी पुरेसे आहे.

कुलूच्या आणि मणिपूरच्या मुली केप हॉर्नला वळसा घालून आल्या. आपल्या गावाला समुद्र नाही, ही अडचण खरी असली, तरी सबब म्हणून ती यापुढे चालणार नाही. पहारा बदलण्याची वेळ येत असते. वर येण्याची तयारी मात्र आधीपासून असावी लागते.