झाडाची ओळख हातांनी



आमलीच्या परिसरातील मुलांना झाडे शोधत जावे लागत नाही. साग, खैर, ऐन, मोह, पळस ही तर येथील रानाची नित्याची मंडळी. तरीही शाळेत झाड येते ते बहुधा फळ्यावरील आकृतीच्या रूपाने. मोहाची फुले पहाटे गळतात, हे वारली मुलाला ठाऊक असते. परंतु हे ज्ञान उत्तरपत्रिकेत लिहिण्याची सोय नसते. उलट, कारखान्यांच्या निमित्ताने येथे आलेल्या कुटुंबातील मुलाला आकृती पाठ असते, झाड मात्र परके असते. या दोघांना एका झाडाखाली कसे आणावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे एक उत्तर याच वारली मुलखात मिळालेले आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे हीच तेथील साधने झाली.

आजही या मार्गाला खर्च पडत नाही. खोडावर कागद धरून त्यावर खडू आडवा घासला, की सालीचा ठसा उमटतो. ऐनाची भेगाळलेली, मगरीच्या पाठीसारखी साल एकदा अशी उतरवली, की मूल ती विसरत नाही. सागाचे कोवळे पान चुरगाळले, तर बोटे लाल होतात. ऐनाच्या फळाला पाच पंख असतात. ते उंचावरून सोडावे, म्हणजे बी वाऱ्यावर दूर कसे जाते, ते सांगावे लागत नाही. गणितही येथेच शिकता येते. एक मीटरच्या काठीची सावली अर्धा मीटर पडली आणि त्याच वेळी सपाट जमिनीवर झाडाची सावली सहा मीटर भरली, तर झाडाची उंची बारा मीटर. तोडलेल्या सागाच्या बुंध्यावरील वलये मोजली, की त्याच्या वयाचा अंदाज येतो.

ग्रंथालयाचे कार्य येथे सुरू होते. वाचनकक्षात एक वृक्षवही ठेवावी. मुलांनी तीत गळलेले, वाळवलेले पान चिकटवावे, सालीचा ठसा लावावा, पाहिल्याची तारीख घालावी आणि झाडाची नावे लिहावीत: मराठी ऐन, गुजराती सादड आणि घरच्या बोलीतले जे असेल ते. बोलीतले नाव आजीला विचारूनच मिळेल. ज्या मुलाची उत्तरपत्रिका कोरी राहत होती, त्यालाच या वहीत सर्वाधिक लिहिण्याजोगे असेल.

झाड तोडले गेले, तर निदान नवे लावता येते. त्याचे बोलीतले नाव सांगणारी अखेरची व्यक्ती गेली, तर ते नाव कोणत्याही रोपवाटिकेत मिळत नाही. शंभर वर्षे शब्द जपणाऱ्या संस्थेने हे शब्दही जपावेत.