परतीची वाट आणि मुलांचे नागरिकत्व
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



ब्रिटनमध्ये दहा-पंधरा वर्षे काढल्यानंतर आपल्यातील काही कुटुंबे मायदेशी परतण्याचा विचार करीत आहेत. कुणाचे वृद्ध आई-वडील गावी एकटे आहेत, कुणाला तिकडे चांगले काम मिळाले आहे, तर कुणाला मुलांनी आजी-आजोबांच्या सहवासात आणि आपल्या भाषेत वाढावे असे वाटते. हे सारे विचार रास्तच आहेत. परतण्याची तयारी सुरू झाली की घरात यादी तयार होते. घर विकणे, सामान पाठविणे, बँकेची खाती, निवृत्तिवेतनाची व्यवस्था, अशी ती यादी लांबत जाते. मुलांच्या नावापुढे मात्र बहुधा एकच नोंद असते, ती म्हणजे ‘शाळा पाहणे’. मुलगा कोणत्या देशाचा नागरिक आहे आणि परतल्यावर त्याचा कोणता हक्क राहील व कोणता जाईल, हा प्रश्न यादीत नसतो. आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे.

नागरिकत्वाचा प्रश्न सोपा नाही. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे चर्चेस आली, तेव्हा या कलमाने मसुदा समितीला अतोनात डोकेदुखी दिली, असे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितले होते. त्याच संविधानाच्या आठव्या कलमात परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला भारतीय वकिलातीत नोंदणी करून नागरिक होण्याची वाट ठेवलेली आहे, आणि नवव्या कलमात स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेणारा भारताचा नागरिक राहणार नाही, असेही म्हटले आहे. नोंदणी करणाऱ्यासाठी दार उघडे, पण दोन्ही घरांत एकाच वेळी पाय ठेवण्यास मनाई, ही चौकट आजही कायम आहे.

आपल्यासारखेच एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. आई-वडील भारतीय नागरिक, कामाच्या व्हिसावर आलेले आणि काही वर्षांनी ब्रिटनमध्ये कायमच्या वास्तव्याची परवानगी मिळालेले. थोरली मुलगी नागपूरला जन्मलेली. मधला मुलगा ब्रिटनमध्ये जन्मला, पण आई-वडिलांना ती परवानगी मिळण्यापूर्वी. धाकटी त्यानंतर जन्मली. एकाच ताटात जेवणारी ही तीन भावंडे कायद्याच्या नजरेत तीन निरनिराळ्या ठिकाणी उभी आहेत.

थोरली भारतीय नागरिक आहे. तिच्याजवळही कायमच्या वास्तव्याची परवानगी असेल, पण ती परवानगी म्हणजे नागरिकत्व नव्हे. सलग दोन वर्षांहून अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिल्यास ती आपोआप संपुष्टात येते. त्यासाठी कुणी नोटीस पाठवीत नाही. परतल्यावर भारतात तिची काही अडचण नाही. ब्रिटनचे दार मात्र दोन वर्षांनी बंद होईल, हे तिला आणि तुम्हांला आजच ठाऊक असले पाहिजे.

मधल्या मुलाविषयी सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘तो इथे जन्मला, म्हणजे ब्रिटिश झाला’, असे पुष्कळजण समजतात. १ जानेवारी १९८३ रोजी ब्रिटनचा १९८१ चा नागरिकत्व कायदा अमलात आला, तेव्हापासून हे खरे राहिलेले नाही. जन्माच्या वेळी आई-वडिलांपैकी एकजण तरी ब्रिटिश नागरिक किंवा येथे कायमचा स्थायिक असावा लागतो. या मुलासाठी मात्र दोन वाटा आहेत. पुढे आई किंवा वडील स्थायिक झाले की वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी अर्ज करून त्याची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. शिवाय जन्मापासूनची पहिली दहा वर्षे तो येथेच राहिला असेल आणि त्यांपैकी कोणत्याही वर्षी नव्वद दिवसांपेक्षा अधिक काळ बाहेर गेला नसेल, तर त्या आधारेही नोंदणीचा हक्क मिळतो. मुलगा साडेनऊ वर्षांचा असताना कुटुंबाने सामान बांधले, तर ही दुसरी वाट सहा महिन्यांसाठी हुकते. परतीची तारीख ठरविताना मुलाचा दहावा वाढदिवस विचारात घ्यावा, असे मी म्हणतो, ते यासाठीच.

धाकटी जन्मतःच ब्रिटिश नागरिक आहे, मग तिचा पासपोर्ट काढलेला असो वा नसो. तिच्याबाबत भारतीय कायदा काय म्हणतो, ते नीट ऐका. १० डिसेंबर १९९२ पासून परदेशी जन्मलेले मूल आई किंवा वडील यांपैकी एकजण भारतीय नागरिक असल्यास वंशाने भारतीय नागरिक होऊ शकते. त्यापूर्वी केवळ वडिलांचे नागरिकत्व मोजले जात असे. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करणे आणि मुलाजवळ दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आई-वडिलांनी लिहून देणे बंधनकारक झाले. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. अशी नोंद झालेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर त्याने सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते दुसरे नागरिकत्व सोडावे, अन्यथा त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. म्हणजे वेळीच नोंद केलेल्या मुलीच्या बाबतीत अंतिम निवड तिच्या स्वतःच्या हाती, वयाच्या अठराव्या वर्षी येते. ज्या घरी जन्मानंतर लगेच ब्रिटिश पासपोर्ट काढला गेला, तेथे ती निवड मुलीच्या वतीने आई-वडिलांनीच पाळण्यात केलेली असते, आणि ती केली हेही पुष्कळदा त्यांच्या लक्षात येत नाही.

ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या मुलाने भारतात राहण्यासाठी ओसीआय कार्ड घ्यावे. परतल्यावर पाहू, असे म्हणून पर्यटक व्हिसावर मुलांना नेऊ नये. तो व्हिसा शाळेत घालण्यासाठी नसतो. पूर्वीचे पीआयओ कार्ड जानेवारी २०१५ मध्ये ओसीआयमध्ये विलीन झाले. ओसीआय कार्डधारकाला आजीवन व्हिसा मिळतो आणि कितीही काळ राहिले तरी परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागत नाही. परंतु त्या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. त्याला मतदानाचा हक्क नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही. आणि संविधानाच्या सोळाव्या कलमाने सार्वजनिक नोकरीत जी समान संधी दिली आहे, ती त्याला नाही.

बंधू-भगिनींनो, ज्या कलमाच्या बळावर आपल्या वडिलांना तार खात्यात, रेल्वेत, शाळेत नोकरी मिळाली आणि आपण शिकलो, तेच हे सोळावे कलम. आपल्यापैकी काहीजण राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीवर वा महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर या देशात आले. त्या शिष्यवृत्त्याही भारतीय नागरिकांसाठीच आहेत. १९९० मध्ये संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांना त्यात स्थान दिले, त्यामागे किती वर्षांचा लढा होता, हे येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. परक्या देशाचा पासपोर्ट हाती घेतलेल्या मुलाला आयआयटीसारख्या संस्थेच्या प्रवेशात अनुसूचित जातीच्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही.

प्रवेशाचा प्रश्न याहून पुढे जातो. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार वैद्यकीय, अभियांत्रिकी आदी प्रवेशपरीक्षांत ओसीआय विद्यार्थी केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा अतिरिक्त जागांसाठी पात्र ठरतो. भारतीय नागरिकांसाठी राखलेल्या जागांसाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ही मर्यादा त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू राहील, असे ठरविले. म्हणजे कार्डावरची तारीख मुलाचे महाविद्यालय ठरवू शकते. आता दुसरी बाजू पाहा. असा मुलगा अठराव्या वर्षी ब्रिटनला शिकावयास आला, तर केवळ पासपोर्ट दाखवून त्याला स्थानिक शुल्क लागत नाही. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण नियम अभ्यासक्रमापूर्वीच्या तीन वर्षांच्या वास्तव्याचा आहे. तेथे अनिवासी म्हणून भरमसाट शुल्क आणि इथे परदेशी म्हणून भरमसाट शुल्क, अशा कोंडीत मूल सापडते.

येथे कुणी विचारील, ‘परदेशातून सुस्थितीत परतलेल्यांनी आरक्षण मागावे काय?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपल्या विवेकाने द्यावे. माझ्या मते, ज्याला गरज नाही त्याने ती जागा खेड्यातल्या लेकरासाठी सोडावी, हेच शोभादायक. पण समजून-उमजून सोडलेला हक्क वेगळा आणि एका अर्जावर न वाचता सही केल्याने गमावलेला हक्क वेगळा. पहिल्यात दातृत्व आहे, दुसऱ्यात केवळ अज्ञान. आणि मतदानाचा हक्क तर कुणासाठी सोडण्याची वस्तूच नव्हे.

म्हणून ब्रिटिश पासपोर्ट वाईट, असे मी म्हणत नाही. जी मुलगी येथेच शिकणार, येथेच काम करणार, तिच्यासाठी तो योग्यच आहे, आणि ज्याला नोंदणीचा हक्क आहे त्याने निघण्यापूर्वी तो बजावणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. मात्र नोंदणी करून ब्रिटिश झालेल्या मुलाचा भारतीय पासपोर्ट वकिलातीत परत करावा लागतो. दोन्ही जवळ ठेवणे कायद्याला मान्य नाही. पुढे भारतीय नागरिकत्व पुन्हा घेण्याची वाटही आहे. पाच वर्षे ओसीआय राहिलेली आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेली सज्ञान व्यक्ती नोंदणीसाठी अर्ज करू शकते, आणि आई-वडील दोघे भारतीय नागरिक असतील तर अज्ञान मुलासाठीही अर्ज करता येतो. पण ती वाट लांबची आहे, आणि प्रवेशपरीक्षा कुणासाठी थांबत नाही.

तेव्हा निघण्यापूर्वी किमान एक वर्ष आधी प्रत्येक मुलाची स्वतंत्र फाईल करा. तीत जन्माचा पूर्ण दाखला ठेवा. ब्रिटनच्या छोट्या दाखल्यावर आई-वडिलांची नावे नसतात. त्या दाखल्यावर परराष्ट्र खात्याचे अपॉस्टिल करून घ्या. शाळेची पत्रे, लसीकरणाची नोंद, वास्तव्याचे पुरावे जपा. आई-वडिलांचे जातप्रमाणपत्र व पडताळणीचे प्रमाणपत्र आणि आजोबांच्या शाळेचा दाखला यांच्या प्रती प्रत्येक फाईलीत घाला, कारण महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० चे वास्तव्य सिद्ध करण्याची वेळ आली की तोच जुना कागद कामी येतो. आणि सल्ला घ्यावयाचा तो वकिलाचा किंवा शासनाकडे नोंदलेल्या सल्लागाराचाच घ्या. स्नेह्याचे अनुभव ऐकावेत, पण त्याच्या मुलाची जन्मतारीख आणि आपल्या मुलाची जन्मतारीख वेगळी असते, हे विसरू नये.

शेवटी, दहा-बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या फाईलीत काय आहे, ते त्याला कळेल अशा शब्दांत समजावून सांगा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्याचा जो संदेश दिला, त्यात स्वतःच्या हक्काचा कागद वाचता येणे हेही आले. आपल्या आजोबांच्या पिढीला दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठा उठवावा लागत होता. आपल्या नातवंडांनी आपल्या नागरिकत्वाच्या अर्जावर वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही करावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!