निर्दोष शिवराईचा शोध

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, आणि त्या सार्वभौमत्वाची खूण म्हणून जी तांब्याची शिवराई रयतेच्या हाती खेळू लागली, ती पुढे पेशवाईअखेरपर्यंत व त्यानंतरही व्यवहारात राहिल्यामुळे आज संख्येने फारशी दुर्मिळ नाही. दुर्मिळ आहे ती तिची निर्दोष प्रत. एका अंगास तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या अंगास दोन ओळींत ‘छत्रपति’ आणि भोवती ठिपक्यांचे वर्तुळ, एवढाच तिचा मजकूर. परंतु टांकसाळीत हातोड्याच्या घावाने छापताना ठसा चकतीहून मोठा असल्याकारणाने बहुतेक नाण्यांवर एखादे अक्षर किंवा अर्धे वर्तुळ कडेबाहेरच राहून गेले. म्हणून नाणे हाती येताच मी आधी ठिपके मोजतो.

त्यात आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडील खारी हवा म्हणजे तांब्याची वैरीण: ओलाव्यात हिरवट भुकटी धरते, पुसली तरी पुन्हा उगवते. पण चिंचेने घासून नाणे लखलखीत करणारा हौशी माणूस शतकांची तपकिरी झिलई एका सकाळीत धुऊन टाकतो, याचे मला अधिक दुःख होते.

१८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देणे बंधनकारक आहे. तेव्हा वाडीत नारळाचे आळे खणताना कोणास अशा चकत्या लागल्याच, तर त्या न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून, अलिबागच्या कचेरीत कळवावे.