गोष्ट कोण सांगतं?



पारितोषिक वितरणाआधी तुम्हाला एका चित्रकथाकाराची ओळख करून द्यायची आहे. अमृता पाटील. जन्म पुण्यातला, १९७९ चा, बालपण गोव्यात. गोवा कॉलेज ऑफ आर्टमधून पदवी, मग मुंबईत जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरी, पुढचं शिक्षण बॉस्टनला. २००८ मध्ये त्यांची पहिली चित्रकादंबरी आली, ‘करी’. जाहिरात कंपनीत काम करणारी, महानगरात स्वतःची वाट शोधणारी एक मुलगी तिची नायिका. शब्द अमृताताईंचे आणि चित्रंही त्यांचीच.

नंतर त्या महाभारताकडे वळल्या. २०१२ मध्ये ‘आदिपर्व’ आणि त्यानंतर चार वर्षांनी ‘सौप्तिक’. आजीकडून, टीव्हीवरून आपण शंभरदा ऐकलेली गोष्ट. मग यात नवं काय? गोष्ट सांगणारं माणूस. ‘आदिपर्व’ सांगते गंगा, जिने पोटची मुलं पाण्यात सोडली. ‘सौप्तिक’ सांगतो शापित अश्वत्थामा. बोलणारा बदलला की ओळखीची कथाही पुन्हा नीट ऐकावी लागते. या कामासाठी त्यांना २०१७ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार मिळाला.

देवदत्त पट्टनायक यांच्यासह केलेलं ‘आरण्यक’ २०१९ चं. त्यात याज्ञवल्क्यांसोबत कात्यायनी, मैत्रेयी आणि गार्गी आहेत. उपनिषदातली गार्गी भर सभेत विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत विणलेलं असेल, तर पाणी कशात विणलंय? मागाच्या खडखडाटात वाढलेल्या सोलापूरच्या पोरांना उभा-आडवा धागा समजावून सांगावा लागत नाही. हा प्रश्न तुमच्या घरचा आहे.

चित्रं दाखवत कथा सांगणंही आपल्याला परकं नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारत असंच सांगत आले. २०२१ मध्ये परशुराम गंगावणे यांना त्यासाठी पद्मश्री मिळाली.

पालकांनो, चित्रकलेवर पोट भरेल का, ही तुमची काळजी रास्त आहे. अमृताताईंनी नोकरी केली, शिक्षणविषयक नियतकालिकाचं संपादन केलं आणि त्याच्या जोडीनं चित्रकथा रचल्या. मुलाला दोन्ही करू द्या.

मुलांनो, आपल्या गावात अजून कुणी न विचारलेली माणसं खूप आहेत. मांडीवर सूप घेऊन बसलेली विडीकामगार मावशी तेंदूचं पान कात्रीनं कापते, तंबाखू भरते, वळते, दोऱ्यानं बांधते. बोलताना तिची नजर हातांकडे जातसुद्धा नाही. तिच्यावर चित्रकथा काढायची असेल, तर आधी तिच्याजवळ बसा. तिची मराठी, तेलुगू, कन्नड जी असेल ती भाषा ऐका, आणि गोष्ट तिलाच सांगू द्या. सुपरहीरो नंतर काढता येतील. आता मोबाइलवर रोज चार चौकटी टाकायला प्रकाशकाची परवानगीही लागत नाही. लागते ती चिकाटी.

प्राचार्यांना एक विनंती करतो. यंदाच्या वार्षिकांकात कवितांइतकीच पानं चित्रकथांना द्या. पहिली प्रत मी विकत घेऊन वाचेन.

सर्व विजेत्यांचं अभिनंदन.