कागदावरचे चुंबक



धाराशिवच्या आपल्याच एका मुलाने भौतिकशास्त्र घेतो म्हणताच घरच्यांनी विचारले, "उपयोग काय?" आम्ही स्वतः मॅट्रिकच; तरी उत्तर देतो. अकोल्यास १९५० साली जन्मलेले श्रीराम शास्त्री नागपूर विद्यापीठाचे पदवीधर. डॉक्टरेट मुंबईच्या टाटा संशोधनसंस्थेतील. १९८१ साली त्यांनी सदरलंड यांजसह एक कोडे कागदावर सोडविले: विशिष्ट रचनेत अणूंची इवलाली चुंबके जोडीजोडीने परस्परांस निष्प्रभ करतात. असा पदार्थ कोठे आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हते. १९९९ साली जपानी संशोधकांस तो स्ट्राँशियम, तांबे, बोरॉन व ऑक्सिजन यांच्या स्फटिकात आढळला. अठरा वर्षांनी! २००९ साली शास्त्रींना अमेरिकेचे ऑन्सागर पारितोषिक लाभले. त्या मुलाचा शिष्यवृत्तीचा अर्ज मंडळाने फेटाळू नये, इतकेच आमचे मागणे आहे.